कोरं कार्ड

वाचकाचं पत्र

‘मी आरोग्यसेविका म्हणून ३४ वर्षं नोकरी केली, सगळी सोलापूर जिल्ह्यात. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा-सून पुण्यात नोकरी करतात. नात चौदा महिन्यांची आहे आणि तिला गोवर-रुबेलाची लस अजून दिलेली नाही. सुनेच्या मोबाइलवर कसलासा मेसेज आला, तेव्हापासून “जरा मोठी होऊ दे” असं चाललंय. मी बोलले तर मुलगा म्हणाला, “आई, सगळं चांगलंच होत जाणार असं तुला वाटतं. युद्धं बघ, उन्हाळे बघ, माणसं एकमेकांशी कशी वागतात ते बघ. माणूस सुधारतोय, हा तुमच्या पिढीचा भाबडेपणा होता.” ते वाक्य मनात रुतून बसलंय. पल्स पोलिओच्या वेळी आम्ही दारांवर खडूनं खुणा करत उन्हात फिरायचो, तेव्हा वाटायचं की आपण काहीतरी कायमचं करतोय. ते कायमचं नव्हतं का? या वयात त्या विश्वासाला धरून राहावं, की सोडून द्यावा?’

उत्तर

ताई, नमस्कार.

पहिलं नातीचं. नऊ महिन्यांचा डोस राहिला आहे. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तेव्हा पुढचं वाचायच्या आधी तुमच्या मनाशी एक दिवस ठरवा. सुनेशी कसं बोलायचं ते मी शेवटी लिहिते. तोवर तुमच्या मनात रुतलेल्या वाक्याकडे बघू.

माझ्या दंडावर देवीच्या लसीची खूण आहे, जुन्या चार आण्याएवढी. तुमच्याही असेल. आमच्या गावात देवी काढायला माणूस आला की मुलं कडब्याच्या गंजीमागं लपायची. माझ्या मुलीच्या दंडावर ती खूण नाही. लहानपणी एकदा तिनं त्यावर बोट फिरवून विचारलं, ‘आई, इथं भाजलं होतं का?’ देवीच्या रोगानं एकट्या विसाव्या शतकात सुमारे ३० कोटी माणसं मेली, असा अंदाज आहे. मे १९८० मध्ये तो जगातून गेल्याचं जाहीर झालं. माझ्या मुलीला तो शब्द ठाऊक नव्हता, आणि मला त्या क्षणी आनंद व्हावा की वाईट वाटावं, हे कळेना.

नारू या जंताच्या रोगाचंही तसंच झालं. माझ्या आईचं माहेर बीड जिल्ह्यातलं. गावात पायऱ्यांची बारव होती. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागरी भरायच्या. ज्याच्या पायात नारू असेल त्याच्या पायाची आग आग व्हायची. पाण्यात पाय घातला की गार वाटायचं, आणि त्याच वेळी नारूच्या हजारो अळ्या त्या पाण्यात सुटायच्या. डोळ्यांना जेमतेम दिसतील असे पाण्यातले किडे त्या अळ्या खायचे, आणि ते पाणी गाव प्यायचं. साधारण वर्षानं कुणाच्या तरी पायातून दोन हात लांब, शेवयासारखा जंत डोकं बाहेर काढायचा. तो ओढून काढता येत नसे. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा सोडवायचा. माझ्या मामाच्या पायाची काडी आजी संध्याकाळी दिव्यापाशी बसून फिरवायची. एक वेढा, कधी अर्धाच. तुटला तर पाय सुजून माणूस महिना-दोन महिने जायबंदी. त्या वर्षी मामाची पेरणी भावकीनं केली, असं आई सांगायची.

नारूवर लस निघाली नाही, गोळीही निघाली नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, काठावरून पोहऱ्यानं पाणी शेंदायची सोय केली, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकलं, आणि घागरीच्या तोंडावर फडकं बांधून पाणी गाळा, असं घरोघरी जाऊन सांगितलं. १९८४ मध्ये देशात जवळपास ४० हजार रुग्ण होते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. जगभरात १९८६ साली अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२३ साली १४. फडकं बांधायला सांगत कोण फिरलं? तुमच्याच खात्यातली, तुमच्याएवढ्याच पगारावरची माणसं.

तुमच्या मुलाला हे दिसत नाही, यात त्याचा दोष नाही. रोग जाताना आपले साक्षीदारही घेऊन जातो. तुम्ही दारांवर खडूनं ‘पी’ काढायचा म्हणजे या घरातली सगळी मुलं झाली, ‘एक्स’ काढायचा म्हणजे कुणीतरी राहिलं. पहिल्या पावसात त्या खुणा धुऊन जायच्या. पण १३ जानेवारी २०११ नंतर देशात रानटी, म्हणजे निसर्गातल्या मूळ विषाणूच्या पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही. जी पोरं आज नीट चालतात, त्यांच्यापैकी कुणाला वाटेल की आपल्या पायांमागं कुणाचा तरी खडू आहे?

आता तुमचा पहिला प्रश्न. ते कायमचं नव्हतं का? नव्हतं, ताई. हे मी स्पष्टच सांगते, कारण तुम्हाला खोटा दिलासा दिला तर तुम्ही तो लगेच ओळखाल. देवीसारखा एखादा रोग मुळासकट जातो, बाकी काहीच एकदा करून संपत नाही. प्रत्येक मूल कोरं कार्ड घेऊन जन्माला येतं. आजीनं हजारो मुलांना गोवराची लस टोचली म्हणून नातीच्या रक्तात गोवराशी लढायची ताकद येत नाही. आईकडून जे काही मिळालेलं असतं, तेही काही महिन्यांत ओसरतं. अक्षरांचं तसंच आहे. १९५१ च्या जनगणनेत या देशातल्या शंभर बायकांपैकी नऊसुद्धा साक्षर नव्हत्या, २०११ साली जवळपास पासष्ट होत्या. तरीही आज रात्री जन्मणारी प्रत्येक मुलगी निरक्षरच जन्मेल आणि तिला ‘अ’ पासूनच सुरुवात करावी लागेल.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली आणि मुलं दगावली, ते तुम्ही वाचलं असेल. वाचताना तुमच्या पोटात काय झालं असेल, याची मला कल्पना आहे. करोनाच्या दोन वर्षांत कितीतरी मुलांच्या लसी चुकल्या होत्या. त्या दोन वर्षांत माणूसजात काही बिघडली नव्हती. कार्डं कोरी राहिली होती, एवढंच झालं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

म्हणून जग आपोआप सुधारत जातं, हा विश्वास जरूर सोडा. पण तो तुमचा कधी होता, असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. जिला सगळं आपोआप होणार असं वाटतं, ती बाई एप्रिलच्या उन्हात खांद्याला बर्फाची पेटी लावून वस्तीवर जात नाही. ‘एक्स’ काढलेल्या घरी तर दुसऱ्यांदा मुळीच जात नाही. तुमचा विश्वास वेगळा होता. अमुक एक दुःख कमी करता येतं, ते कसं करायचं हे माणसांना कळलेलं आहे, आणि आज ते करायची पाळी माझी आहे, असा तो होता. तो धरून राहण्यासारखा आहे. या वयात तर अधिकच, कारण ते दुःख प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता कमी कमी होत चालली आहेत.

उन्हाळ्यांबद्दल मी तुमच्या मुलाशी वाद घालणार नाही. तो बरोबर बोलतो. सोलापूरच्या माणसाला ते निराळं सांगायला नको. शिवाय त्यानं न काढलेली एक गोष्ट मीच काढते, कारण ती सोडून या विषयावर बोलणं मला प्रामाणिक वाटत नाही. सुधारणेच्या नावाखाली माणसांवर जबरदस्तीही झाली आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तुमच्या आधीच्या सिस्टरांकडून तुम्ही त्या वर्षाच्या टार्गेटांच्या गोष्टी ऐकल्या असतील. शिक्षकांचे पगार अडकवले गेले, माणसं शेतात पळून बसली. पुढं कितीतरी वर्षं पांढऱ्या गाडीचा आवाज आला की गावं दारं लावून घ्यायची. त्या लावलेल्या दारांवर नंतर तुम्हाला थाप मारावी लागली.

पुण्याचं १८९७ साल या बाबतीत माझ्या मनातून जात नाही. प्लेग शहरात शिरला होता. प्लेग अधिकारी रँडच्या हुकमानं सोल्जर घरांत घुसायचे, देवघरापर्यंत जायचे, सामान बाहेर काढून जाळायचे, संशय आला की माणसाला ओढून न्यायचे. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, ते आपण शाळेत शिकलो. त्याच साली, त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी शहराबाहेर मोकळ्या माळावर दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणलं, असं सांगतात. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. वय ६६. प्लेग थांबवायचा हे रँडलाही हवं होतं. पण घराघरातल्या माणसांना त्याच्या माणसांचे बूट आठवत राहिले. सुनेशी बोलायला जाताना तुम्ही या दोघांपैकी कुणासारखं जाणार, याचा विचार करा. तुमचा राग मला समजतो. तुमच्या जागी मी असते तर मलाही आला असता.

मुलगा म्हणेल, रोगांचं ठीक आहे, पण माणसाच्या मनाचं काय? विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. मला महाड आठवतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, आणि तरी अस्पृश्य ठरवलेल्यांपैकी कुणी ओंजळभर पाणी घेऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्याली. त्याच दिवशी त्यांच्यावर लाठ्या चालल्या. मग तळ्यात १०८ घागरी शेण-गोमूत्र-दूध-दही ओतून ते ‘शुद्ध’ केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावही मागं घेतला. त्या वर्षाच्या अखेरीस कुणी म्हणालं असतं की हे लोक भाबडे होते, तर त्याला खोडून काढायला हातात काय होतं? कोर्टात खटला चालत राहिला आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल लागला, तळं सगळ्यांचं. मधली दहा वर्षं ती माणसं काय मनाशी धरून बसली असतील, हे मला पुस्तकांपेक्षा तुमच्यासारख्या बाईकडून समजून घ्यायला आवडेल.

अगदी अलीकडचं घ्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मला त्या बातमीनं रडू आलं होतं, कारण माझ्या आत्याच्या हातावरच्या बांगड्या दगडावर फुटताना मी दाराआडून पाहिल्या आहेत. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. एक काच तिच्या मनगटात रुतली होती आणि ती कुणी काढलीसुद्धा नाही. पण ठराव म्हणजेही कोरं कार्डच. ज्या घरात मयत होईल त्या घरात, त्या दिवशी, एखाद्या जावेनं नाहीतर नणंदेनं पुढं होऊन दगड उचललेला हात धरावा लागतो. पुढच्या घरी पुन्हा दुसऱ्या कुणीतरी.

आणि युद्धं. ऑगस्ट २०२४ मध्ये गाझात दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओ झाला. तिथं २५ वर्षांत पोलिओ नव्हता. बॉम्ब पडत होते, पाणी नव्हतं, दवाखाने मोडलेले होते. सप्टेंबरमध्ये भागाभागानं, दिवसातले काही तास लढाई थांबवायचं ठरलं आणि पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख ६० हजार मुलांना दोन-दोन थेंब पाजले गेले. बोटांवर शाईच्या खुणा झाल्या, तुम्ही पोरांच्या करंगळीवर करायचा तशाच. तास संपले की पुन्हा मारणं सुरू झालं. यानं ते युद्ध तसूभरही कमी क्रूर ठरत नाही, आणि तसं मी तुमच्या मुलाला कधीच म्हणणार नाही. ज्या मुलांना थेंब मिळाले त्यांच्यातली काही नंतर बॉम्बनं मेली असणार. पण त्या मोडलेल्या रस्त्यांवरून पेटी घेऊन चालणाऱ्या बायकांना कुणी भाबडं म्हटलं, तर मला ते सहन होणार नाही. माणूस काय काय करू शकतो, हे त्यांच्याइतकं जवळून कुणालाच दिसत नव्हतं. तरी त्या चालत होत्या.

आता सून. तिच्या मोबाइलवर काय आलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा तुम्ही विचारलंही नसेल. आधी तेच विचारा. तिच्याजवळ बसून तो मेसेज पूर्ण वाचा आणि वाचून होईपर्यंत काही बोलू नका. लसीनं मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होतं, असं त्यात असेल, तर त्या भीतीचं मूळ मोठ्या प्रमाणात १९९८ सालच्या एका ब्रिटिश डॉक्टरच्या लेखात आहे. अवघ्या १२ मुलांवरचा तो लेख होता. तो छापणाऱ्या नियतकालिकानं २०१० मध्ये तो मागं घेतला, आणि त्या डॉक्टरचा परवानाही गेला. हे तिला शांतपणे सांगा. तिचं चुकलं असं न म्हणता सांगा. ती घाबरलेली आहे, कारण तिचं पहिलं मूल आहे आणि रात्री दोन वाजता फोन हातात घेऊन तिनं ते एकटीनं वाचलेलं आहे. घाबरलेल्या आईला तुम्ही आयुष्यभर सांभाळत आलात. तीच माया घरात दाखवणं अवघड जातं, हे मला माहीत आहे. मुलासमोर तिला खोटं पाडू नका. लोकांचे आकडे तिला सांगत बसू नका. गोवर झालेलं एखादं मूल तुम्ही हातात घेतलेलं असेल, त्याचे डोळे, त्याचा श्वास, तुम्हाला आठवतंय तसं सांगा. एकाच मुलाचं सांगा.

आणि लस दिल्यावर काय होईल, तेही आधीच सांगून ठेवा. आठवड्या-दीड आठवड्यानं थोडा ताप येऊ शकतो, अंगावर बारीक पुरळ दिसू शकतं. आधी सांगितलं नाही तर नेमक्या त्या दिवशी तो मेसेज तिला खरा वाटेल. त्या दिवसांत तुम्ही पुण्यात राहा. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांमधला. दोन डोसांत निदान महिन्याचं अंतर ठेवायचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मुलाशी वाद घालू नका. त्याच्या त्या वाक्याला उत्तरही देऊ नका. त्याचं स्वतःचं लसीचं कार्ड तुम्ही जपून ठेवलं असणार, अशी माझी खात्री आहे. नर्सबाईच्या घरातून ते कार्ड हरवत नाही. ट्रंकेत, कागदपत्रांच्या पिशवीत, कुठंतरी असेल. घडीवर फाटलेलं, कडा पिवळ्या झालेलं. ते शोधून घेऊन जा आणि नातीच्या कार्डाशेजारी टेबलावर ठेवा. त्याच्या कार्डात नऊ महिन्यांच्या ओळीपुढं तारीख आहे, कदाचित तुमच्याच अक्षरातली. तिच्या कार्डात त्या ओळीपुढं जागा मोकळी आहे.

पुण्यात त्यांच्या जवळच्या दवाखान्यात लसीकरणाचा वार कोणता असतो ते निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. नातीला ताप आला का, किती दिवस राहिला, ते मला नक्की लिहा.